चेन ल्युबचा राडा: छोटा स्प्रे, नव्वद नंबर ऑइल आन् ब्रश, सोलापूरच्या धुळीत काय टिकलं

बाईकच्या चेनला लावायच्या वंगणाबद्दल, म्हंजे चेन ल्युबबद्दल, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. कंपनीच्या पार्किंगमध्ये दर दोन-चार दिवसांनी कोणतरी विचारतंच, "काय बे, चेनला काय मारतोस, तुझी रिम एवढी स्वच्छ कशी?" प्रत्येकाला उभ्या-उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, म्हंजे लिंक पाठवून मोकळा.

घाईवाल्यांसाठी निकाल आधी. चेन उघडी असेल तर रोडवर चालणाऱ्या गाड्यांसाठीचा छोटा, १५० एमएलचा स्प्रे घ्या, मोठा कॅन नको. रोज लांब चालवत असाल आन् हात काळे झालेले चालत असतील तर नव्वद नंबरचं गिअर ऑइल, स्वस्तात मस्त. गाडीला पूर्ण बंद चेन कव्हर असेल, स्प्लेंडर वगैरे, तर स्प्रेवर एक रुपया घालू नका. आन् काहीही घ्या, त्याच्याआधी तीन बाजूनं दाते असलेला चेनचा ब्रश घ्या, कारण अर्धा राडा जुन्या घाणीवर नवीन तेल मारल्यानंच होतो.

माझी पल्सर एनएस २०० आहे, चेन उघडी, मागं डिस्क ब्रेक. रोजचं जाणं-येणं जुळे सोलापूर ते चिंचोली एमआयडीसी, म्हंजे निम्मा वेळ पुणे हायवेवर ट्रकच्या मागं. सोलापूरची धूळ ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, काळी माती वाळून पिठासारखी उडते, आन् उसाचा हंगाम चालू झाला की ट्रॉल्यांच्या चाकाबरोबर शेतातली सगळी माती डांबरावर येते, वर एखादा पाऊस पडला तर तीच माती चेनला जी बसते ती बसते. पुण्या-मुंबईतली पोरं व्हिडिओत सांगतात की हे ल्युब मारा, हजार किलोमीटर बघायला नको. सांगू द्या. त्यांच्याकडं पाऊस जास्त, आपल्याकडं धूळ जास्त, त्यामुळं त्यांना जे जाड चिकट ल्युब आवडतं ते आपल्याला नडतं.

आता राडा होतो कशामुळं ते. साठच्या स्पीडला माझ्यासारख्या गाडीची चेन सेकंदाला पाचेक मीटरनं पळते आन् पुढचं छोटं स्प्रॉकेट, म्हंजे चेन ज्याच्यावर फिरते ते दातेरी चाक, एका सेकंदात वीसच्यावर गिरक्या घेतं. त्या वळणावर चेनच्या बाहेरच्या बाजूला जे काही ओलं बसलंय ते सरळ सुटतं आन् रिमवर, नंबरप्लेटवर, मागं बसलेल्याच्या कपड्यावर जाऊन पडतं. म्हंजे बाहेरून मारलेलं ल्युब निम्मं वाया जाणार हे ठरलेलंच. तेच चेनच्या आतल्या बाजूला मारलं, म्हंजे जी बाजू स्प्रॉकेटच्या दात्यांना लागते तिथं, तर तीच ताकद त्याला बाहेर फेकताना आधी रोलर आन् प्लेटांच्या फटीतनं ढकलते. फुकटात काम होतं. एवढी एक गोष्ट बरोबर केली तरी कुठल्याही कंपनीचं ल्युब आधीपेक्षा चांगलं वाटायला लागेल.

दुसरं, तेल लागतं कुठं? आजकाल दीडशे-दोनशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ओ-रिंग चेन असते. त्यात पिन आन् बुशच्या, म्हंजे पिनवरच्या बारक्या नळीच्या, मधलं ग्रीस कंपनीतनंच भरून दोन्ही बाजूला रबराच्या बारक्या रिंगांनी बंद केलेलं असतं, आपण कितीही फवारा मारला तरी तिथं पोचत नाही आन् पोचायची गरजपण नाही. आपण बाहेरून मारतो ते रबर कोरडं पडू नये, रोलर आन् स्प्रॉकेट कोरडं घासू नये आन् गंज धरू नये म्हणून. त्याला पातळ थर पुरतो. साध्या, बिन-रिंगच्या चेनमध्ये मात्र तेल आत पिनपर्यंत मुरायला लागतं, म्हणून तिथं पातळ तेल बरं. चेन "लांब झाली" म्हणतो ना आपण, ते काय लोखंड ताणत नाही, शंभराच्यावर पिना आन् बुश कणाकणानं झिजतात आन् ती सगळी झीज मिळून मागचा नट सरकवायची वेळ येते. आन् तेलात धूळ कालवली की ती जवळजवळ ग्राइंडिंग पेस्टच, लेथवरच्या माणसाला विचारा. म्हणून आपल्याकडं जास्त ल्युब मारणारा आन् अजिबात न मारणारा, दोघांचं चेन-स्प्रॉकेट लवकरच जातं.

आता एकेक वस्तू. मी सध्या वापरायलोय ते मोटुलचं सी टू, चेन ल्युब रोड. मोटुलच्या या कॅनवर नंबर असतात, सी वन म्हंजे क्लीनर, सी टू रोडसाठी, सी थ्री ऑफरोड, सी फोर फॅक्टरी लाइन म्हणून रेसिंगवालं. लोकं दुकानात जाऊन "मोटुल द्या" म्हणतात आन् दुकानदार हाताला येईल ते देतो, त्यात कुणी सी वन घेऊन जातो आन् तेच ल्युब म्हणून मारतो, म्हंजे चेन धुऊन कोरडी ठेवली. नंबर बघून घ्या. सी टू बद्दल मला आवडलं ते असं की मारताना पातळ असतं, आत शिरतं, मग त्यातलं सॉल्व्हंट, म्हंजे ल्युब पातळ करणारं द्रव, उडून जातं आन् मागं चिकट थर राहतो. न आवडलं ते म्हंजे नळी. कॅनबरोबर जी लाल बारकी नळी येते ती सांभाळायला लागते, हरवली तर नुसत्या नोझलनं फवारा पसरतो आन् टायर-डिस्क सगळं ओलं. हे सगळ्याच स्प्रेचं आहे म्हणा. मी नळी कॅनला रबरबँडनं बांधून ठेवतो.

सॉल्व्हंट उडून जातं म्हटलं ना, तिथंच लोकांचा घोळ होतो. सकाळी ड्युटीला निघताना मारायचं आन् लगेच किक. मग ते अजून पातळच असतं, उडणारच, आन् मग कंपनीला शिव्या. स्प्रे रात्री मारायचा. गाडी दिवसभर चालून आलेली असते, चेन कोमट असते, ल्युब आत जातं, आन् सकाळपर्यंत बसतं. रात्री जमत नसेल तर कमीत कमी अर्धा-पाऊण तास तरी सोडा. आमच्या इथं उन्हाळ्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीला मारू नका, चेन एवढी तापलेली असते की ल्युब ओघळून खाली फरशीवर, आन् शहाबादी फरशीवर तेलाचा डाग पडला की घरच्यांची बोलणी वर्षभर. खाली सिमेंटची रिकामी गोणी टाका, पेपर टाकू नका, पेपरातनं तेल पाझरतं.

पांढरं ल्युब असतं एक, काही कंपन्यांचं. दिसायला भारी, कुठं लागलं कुठं नाही ते कळतं, रेसिंगवाल्यांना आवडतं. मी एका कंपनीचं, नाव नाही घेत, एक सीझन वापरलं. पहिले दोन दिवस चेन एकदम शोरूममधल्यासारखी, नंतर त्याच्यावर आपली माती बसून जो राखाडी गठ्ठा झाला तो पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमधनं स्क्रूड्रायव्हरनं काढावा लागला. ओल्या, स्वच्छ रस्त्याला ते चांगलं असेल, सोलापूर-मोहोळ पट्ट्याला नाही.

ड्राय ल्युब, वॅक्सवालं किंवा टेफ्लॉनवालं, ते याच्या उलट. सुकल्यावर हाताला जवळजवळ लागत नाही, धूळ कमी पकडतं, रिम स्वच्छ राहते. पण पाऊस लागला की लवकर जातं आन् पुन्हा पुन्हा मारायला लागतं, त्यामुळं एका कॅनमध्ये पोचणारे किलोमीटर कमी. मार्च ते मे एवढ्यापुरतं कुणी वापरत असेल तर मी नाही म्हणणार नाही, उलट स्वच्छतेची लयच हौस असेल तर हेच घ्या. मी पुन्हा घेतलं नाही कारण मला इतक्यांदा गाडीमागं बसायचा कंटाळा येतो.

आता नव्वद नंबर. आपले जुने मेस्त्री अजूनही हेच सांगतात आन् ते काय वेडे नाहीत. कितीतरी गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच एसएई ९० किंवा ८०-९० गिअर ऑइल लिहिलेलं असतं. लिटरची बाटली साधारण स्प्रेच्या मोठ्या कॅनच्या निम्म्या पैशात येते, आन् एका वेळेला लागतं किती, दोन चमचे. वर्ष-दोन वर्ष बघायला नको. आत छान मुरतं, साध्या चेनला तर याच्यासारखं काही नाही, ओ-रिंगलाही चालतं. अडचण एकच, ते चिकटत नाही, उन्हात अजून पातळ होतं, जास्त झालं की पहिल्याच फेरीत सगळं रिमवर. म्हणून ते ओतायचं नाही. मेडिकलमधनं सुई न लावलेली सिरिंज आणा, दहा एमएलची, आन् चेनच्या आतल्या बाजूला प्रत्येक रोलरवर एक थेंब. वेळ लागतो, पण हे केल्यावर चेन अशी गुपचूप पळते की स्प्रे मारल्यावरसुद्धा तशी पळत नाही, हे माझं प्रामाणिक मत. मग थोड्या वेळानं कापडानं बाहेरून घट्ट पुसून घ्यायचं, जेवढं पुसाल तेवढं कमी उडेल. माझा मोठा भाऊ त्याच्या क्लासिक ३५० ला हेच करतो, स्प्रेला हात लावत नाही. त्याला मानलं.

डब्ल्यूडी-४० वाल्यांना हात जोडून विनंती. १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवायला आन् गंज अडवायला म्हणून ते बनलं, नावातलं डब्ल्यूडी म्हंजे तेच. चेन धुतल्यावर पाणी हटवायला, जाम झालेला नट सोडवायला एक नंबर. पण साधा निळा-पिवळा कॅन चेनला वंगण म्हणून मारून आठवडाभर फिरायचं तर तो थर फार पातळ, टिकत नाही. त्यांचंच वेगळं चेन ल्युब येतं, ते घ्यायचं तर घ्या, पण कॅनवर काय लिहिलंय ते वाचून.

जळकं ऑइल मात्र कधीच नाही. गाडीच्या इंजिनमधनं काढलेलं काळं ऑइल कितीतरी जण बाटलीत भरून ठेवतात, "फुकट जातंय, चेनला टाकू". त्याच्यात इंजिनमधली झीज, काजळी सगळं असतं. नव्वद नंबर एवढं स्वस्त असताना ही काटकसर कशाला.

ब्रश सांगतो. तीन बाजूनं दाते असलेला यू आकाराचा प्लास्टिकचा ब्रश मिळतो, चेन त्याच्या मधे धरायची आन् चाक हातानं फिरवायचं, वरची खालची आन् एक बाजू एका वेळेला घासली जाते. शंभर-दीडशेच्या आसपास मिळतो, आन् या सगळ्या खरेदीत मला सगळ्यात वसूल वाटलेली वस्तू हीच. जुना टूथब्रशपण चालतो, हात दुखतो एवढंच. तारेचा ब्रश लावू नका, ओ-रिंगची वाट लागते. धुवायला रॉकेल मिळालं तर उत्तम, पण आता रॉकेल मिळतं कुठं, म्हणून डिझेल किंवा क्लीनरचा कॅन. पेट्रोल नाही, थिनर नाही, रबर फुगतं किंवा कडक होतं, आन् पेट्रोलचा पेट घ्यायचा धोका वेगळाच. दर वेळेला धुवायची गरज नसते बरं का, मी बऱ्याचदा नुसतं डिझेलनं ओलं केलेलं कापड फिरवतो आन् वर ल्युब. दणदणीत धुणं पावसाळ्याच्या आधी आन् नंतर, बाकी घाण दिसली तर.

कापडाचं एक खास सोलापुरी. आपल्याकडं टॉवेलच्या कारखान्यातला सेकंड माल, कट पीस किलोवर मिळतो आन् सगळे मेस्त्री तोच वापरतात. हात पुसायला, टाकी पुसायला भारी. पण चेनला टेरी टॉवेल नको, त्याचे लूप चेनच्या लॉकमध्ये, म्हंजे चेनची टोकं जोडणाऱ्या क्लिपवाल्या कडीत, आन् प्लेटांच्या फटीत अडकतात, धागे निघून रोलरमध्ये गुंडाळले जातात. चेनला जुनं बनियन किंवा होजिअरीचं कापड. टॉवेलच्या गावात राहून हे सांगतोय म्हंजे समजा.

मारायचं कसं ते थोडक्यात, कारण ब्रँडपेक्षा इथंच फरक पडतो. गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद, चावी खिशात. हे मी जोर देऊन सांगतोय, गाडी स्टँडवर घेऊन पहिल्या गिअरमध्ये चेन फिरवत कापड धरणारे लोक मी पाहिलेत, कापड ओढलं गेलं की बोट स्प्रॉकेटमध्ये जातं आन् ते बोट परत येत नाही. सेंटर स्टँड असेल तर सोपं, नसेल तर मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड, तोही नसेल तर गाडी थोडी थोडी पुढं ढकलत तीन-चार टप्प्यात करायचं, एवढं काय अवघड नाही. चेनच्या मागं, म्हंजे चेन आन् टायरच्या मधे, एक पुठ्ठा उभा धरायचा. बुटाच्या खोक्याचं झाकण अगदी मापात बसतं. हा पुठ्ठा सगळ्यात महत्त्वाचा, कारण ल्युब डिस्कला लागलं तर पुढच्या सिग्नलला ब्रेक लागत नाही, टायरच्या कडेला लागलं तर वळणावर गाडी घसरते. रिम काळी होणं ही शोभेची गोष्ट झाली, डिस्क ओली होणं ही जिवाची.

नळी खालच्या चेनच्या आतल्या बाजूला, मागच्या स्प्रॉकेटच्या थोडं पुढं टेकवायची आन् एका हातानं चाक उलटं फिरवत सलग बारीक धार. कुठून चालू केलं ते कळायला एखाद्या लिंकला खूण करा, लॉकवाली चेन असेल तर लॉकच खूण. जाता जाता त्या लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला आहे का तेवढं बघून घ्या, उलटी बसवलेली क्लिप रस्त्यात निघू शकते. एक पूर्ण चक्कर झाली की थांबा. दुसरी चक्कर नाही. हात थांबत नाही माहितीय, तरी नाही. मग दहा मिनिटांनी बाहेरचा भाग कोरडा पुसा, बोट लावून बघा, बोटाला चिकट लागलं पाहिजे, थेंब आला नाही पाहिजे.

किती दिवसांनी, हे विचारतात सगळे. मॅन्युअलमध्ये ५०० ते १००० किलोमीटरच्या मधे काहीतरी लिहिलेलं असतं, आपापल्या गाडीचं बघा. आपल्या धुळीत मी ५०० च्या बाजूनं राहतो, आन् पावसात भिजली किंवा धुतली तर किलोमीटर न बघता. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट असं सहकुटुंब निघायचं असेल तर दोन दिवस आधी मारा, आदल्या रात्री नाही. मागं बसणाऱ्या माणसाच्या साडीच्या निऱ्या किंवा पांढरा लेंगा, डाग पडायच्या ठरलेल्या जागा आहेत, साडी गार्ड आहे म्हणून निवांत राहू नका, ते कापड चाकात जाऊ नये म्हणून असतं, तेल अडवत नाही. चेनची ढिलाई पण त्याच वेळेला बघून घ्यायची, किती पाहिजे ते चेन गार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. जास्त ताणलेली चेन जास्त ढिलीपेक्षा वाईट, बेअरिंग खाते.

वॉशिंगवाल्यांबद्दल दोन शब्द. आपल्याकडं गाडी धुतली की शेवटी डिझेल-ऑइलचा एक फवारा इंजिनखाली आन् चेनवर मारायची पद्धत आहे, गाडी चमकते म्हणून. त्याच फवाऱ्यात डिस्कपण भिजते. मी आधीच सांगतो, "भाऊ, फवारा नको, पैसे तेवढेच घ्या." प्रेशरचा पाइपपण चेनच्या जवळ धरू देत नाही, ते पाणी रबर रिंगांच्या आत शिरलं की आतलं ग्रीस गेलं. घरी येऊन चेन पुसायची, थोडं फिरवून आणायची, मग ल्युब.

बंद कव्हरवाल्या गाड्या म्हंजे आपल्या वडिलांची पिढी. आमच्या दादांची, म्हंजे वडिलांची, स्प्लेंडर आहे, चेन कव्हरला तपासायला रबरी बूच असतं, ते काढायचं, त्याच नव्वद नंबरचे थेंब सिरिंजनं आत सोडायचे आन् चाक हळूहळू फिरवायचं. झालं. धूळ आत कमी जाते, उडालं तरी कव्हरच्या आत. उघड्या चेनची फॅशन ज्यानं काढली त्यानं सोलापूर पाहिलं नसणार. तरी सर्व्हिसिंगला एकदा कव्हर उघडून आत साठलेला चिखल काढायला सांगा, मेस्त्री स्वतःहून काढत नाही.

खरेदीचं. सात रस्ता, नवी पेठ, अशोक चौक, कुठंही स्पेअर पार्टच्या दुकानात हे सगळं मिळतं, ऑनलाइनपेक्षा दहा-वीस रुपये इकडं तिकडं. छोटा कॅन का म्हणतोय तर मोठ्या कॅनचा नोझल अर्ध्यात चोंदला की उरलेलं ल्युब आत अडकतं आन् बाहेर काढायचा मार्ग नाही, शिवाय हातात मोठा कॅन असला की माणूस जास्तच मारतो. कॅन घेताना सील, छापील किंमत आन् पॅकिंगची तारीख बघा, नळी बरोबर आहे का तेही, आन् घरी गॅसजवळ किंवा मे महिन्यात डिकीत ठेवू नका, आतला गॅस पेट घेणारा असतो.

मार्क द्यायचे तर सी टू ला पाचात चार, एक नळीचा कापला. नव्वद नंबरला साडेचार, अर्धा काळ्या हातांचा. ब्रशला पाच. पांढऱ्या ल्युबला दोन, तेही दिसायला छान म्हणून. कुणी बजाजची किंवा केटीएमची स्वतःच्या नावाची ल्युब आपल्या धुळीत वापरलीय का, उन्हाळ्यात कशी टिकली ते खाली लिहा, पावसाळ्याच्या आधी एक कॅन घ्यायचाच आहे.